भिंतीकडची बाजू

एफीला साडेदहाला पाजलं, ढेकर काढली, आणि तिला आईच्या कडेवर देऊन मी घराबाहेर पडले.

"साडेबाराला गव्हनला ये," मी आईला सांगितलं. "शेडपाशी. एकच्या पुढे निभायचं नाही."

"तिला की तुला?" आई म्हणाली.

दोघींनाही, हे खरं. सात महिन्यांचं बाळ घरी ठेवून बाहेर पडलेल्या बाईला घड्याळ लागत नाही. बाळंतपणानंतरची ही माझी तिसरीच फेरी होती. आमचं मंडळ म्हणजे ग्लासगोच्या जुन्या भुयारी रेल्वेवर, सबवेवर, जीव टाकणारी वीस-बावीस माणसं. दर शनिवारी अकरा वाजता आमच्यातलं कुणीतरी सेंट ईनॉकच्या जुन्या तिकीटघरासमोर उभं राहतं, आलेल्या लोकांना सबवेने गव्हनला नेतं, आणि तिथल्या आमच्या शेडमध्ये जपलेला एकोणचाळीस नंबरचा जुना डबा दाखवतं. दीड तासाचं काम. बोलायचं सगळं मला पाठ आहे. एफी रात्री उठते तेव्हा मी तिला तेच म्हणून दाखवते, आणि ती त्याने लवकर झोपते.

त्या दिवशी यादीत अकरा माणसं होती. "ग्रेटा बेर्ड, दोन जागा" असं जिच्या नावापुढे होतं ती जांभळ्या कोटातली, भरपूर अंगाची, ऐंशीच्या घरातली बाई. तिच्या दंडाला धरून आलेली दुसरी, तिची थोरली बहीण जेसी, मिटलेल्या छत्रीसारखी.

"हिला आधी कुठेतरी टेकव पोरी," ग्रेटा मला म्हणाली. "नाहीतर वाटेत मोडेल."

"मोडले तर तुझ्यावर पडेन," जेसी म्हणाली. "मला काही लागणार नाही."

मी सुरुवात केली. अठराशे शहाण्णव सालची सबवे, पंधरा स्टेशनं, गोल फिरणारे दोन मार्ग. आधी डबे दोराने ओढायचे, मग वीज आली. गर्दीतल्या एका टकल्या गृहस्थांनी हात वर केला. काय विचारणार ते मला माहीत होतं, साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस तेच विचारतो.

"जुन्या सबवेचा तो वास कुठे गेला?"

"नूतनीकरणात गेला," मी म्हणाले.

"बायको मला सांगते तो माझ्या कोटात आहे."

सगळे हसले. मग मी माझं आवडतं वाक्य घेतलं. जुन्या काळी सगळ्या स्टेशनांत प्लॅटफॉर्म मधोमध होता आणि रूळ त्याच्या दोन्ही अंगांना. त्यामुळे डब्यांना दारं एकाच बाजूला. दुसरी बाजू जन्मभर बोगद्याच्या भिंतीकडे. ती कुणाला दिसायचीच नाही, म्हणून तिला रंगही द्यायचे नाहीत. प्लॅटफॉर्मकडून बघावं तर डबा नवाकोरा लाल, आणि भिंतीकडून आजोबांच्या काळातला.

"आमच्या शेजारणीचं घर," ग्रेटा म्हणाली.

जेसी मात्र हसली नाही. तिने माझ्या बाहीला हात लावला. "मला ती बाजू बघायची आहे. भिंतीकडची."

"शेडमध्ये गेलो की बघू," मी सहज म्हणून गेले.

आम्ही खाली उतरलो आणि गव्हनकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. मी दोघी बहिणींच्या समोर. आमच्याकडे सबवेत बोलायची एक रीत आहे. बोगद्यात इतका खडखडाट असतो की कुणी तोंड उघडत नाही. स्टेशन आलं की सगळे एकदम बोलायला लागतात, दारं मिटली की वाक्य असेल तिथे सोडून देतात, आणि पुढच्या स्टेशनात तिथूनच उचलतात. लहानपणापासूनची सवय असते, शिकवावी लागत नाही. माझा नवरा कॅलम माझ्याशी सबवेत कधी भांडत नाही. म्हणतो, स्टेशनं पुरत नाहीत.

तर ब्रिज स्ट्रीटला जेसी म्हणाली, "माझा नवरा टॅम लोगन. दोन वर्षांपूर्वी गेला. गव्हनच्या शेडमध्ये रंगारी होता. डबे दुरुस्तीला आले की क्रेनने वर..."

दारं मिटली. वेस्ट स्ट्रीटला उघडली.

"...उचलून घ्यायचे, कारण रुळांना बोगद्यातून बाहेर यायला वाटच नव्हती. मग हा रंगवायचा. तुमचा तो एकोणचाळीस आहे ना, त्याच्या भिंतीकडच्या बाजूला त्याने माझं नाव लिहिलंय. लग्नाच्या दिवशी मला सांगितलंन. म्हणाला, जेसी, तू रोज..."

शील्ड्स रोड.

"...नदीखालून ये-जा करतेस आणि तुला पत्ता नाही. मी हिलहेडच्या लॉन्ड्रीत होते. तेव्हापासून एकोणचाळीस आला की मी मान वाकडी करकरून बघायचे. आत बसून काय दिसणार, आणि प्लॅटफॉर्मवरून तरी काय दिसणार?"

"लोक हिला झटके येतात समजायचे," ग्रेटा म्हणाली.

किनिंग पार्कला सगळं ग्रेटाच बोलली. साठ वर्षं हिचा एका फळीवर भरवसा. टॅम भला माणूस होता, नाही असं नाही, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. आणि नाव लिहिलंच असेल तरी कुणाचं, ते कुणी बघितलंय?

सेसनॉक आलं. ग्रेटाने खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"इथे. इथल्या तिकीट खिडकीत मॉयरा बसायची. आमच्या हिच्याआधी टॅम तिच्यासाठी खुळा झाला होता, अख्ख्या गव्हनला माहीत. तेव्हा डब्यावर नाव असेल तर ते..."

दारं मिटली. पुढचा सगळा बोगदा ग्रेटा भुवया वर करून बसून राहिली. आयब्रॉक्सला दारं उघडल्याबरोबर म्हणाली, "मॉयराचं!"

जेसीने तिच्याकडे बघितलंही नाही. ती मला म्हणाली, "गुरुवारी मी मुलीकडे इन्व्हरनेसला चाललेय. कायमची. इथलं घर दिलं सोडून. परत येईन ती शवपेटीतूनच. तर म्हटलं, तेवढं एकदा बघून जाऊ. माझं असलं तर आहे. मॉयराचं असलं तर तेही कळू दे. साठ वर्षं हिचं तोंड ऐकतेय."

दारं मिटली. आयब्रॉक्स ते गव्हन हा बोगदा काही फार लांबीचा नाही, पण त्या दिवशी मला तो पुरेसा झाला.

कारण एकोणचाळीसची भिंतीकडची बाजू मी घासली होती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुनी सबवे बंद झाल्यावर तो डबा एका शेतकऱ्याने कोंबड्यांसाठी नेला होता. तीस-पस्तीस वर्षांनी आमच्या मंडळाने तो सोडवून आणला. मी एकोणीस वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी, कानात गाणी, हातात लाकूड घासायचं मशीन. तीन शनिवार-रविवार मी त्या बाजूला लागले होते. शेडमधल्या माणसांनी तिच्यावर काय काय लिहून ठेवलं होतं: फुटबॉलचे निकाल, फोरमनला शिव्या, बायकांची नावं. कुणी बघणार नाही म्हटल्यावर माणूस मनातलं सगळं लिहितो. मी ते कोरं लाकूड दिसेपर्यंत उडवलं. एका फळीवर पिवळी अक्षरं होती हे मला आठवत होतं, कारण ती पिवळी धूळ नंतर दोन दिवस नाक शिंकरलं की निघायची. अक्षरं काय होती ते मात्र काही केल्या आठवेना.

त्यावर आम्ही लाल रंगाचे तीन हात दिले. दोन्ही बाजूंना, सारखे. आणि मग सहा वर्षं मी माझ्या प्रत्येक फेरीत लोकांना सांगत आले की भिंतीकडची बाजू रंगवायचे नाहीत. आमच्या मंडळात एकालाही त्यात काही विसंगत वाटलं नाही. प्रेमाने केलेल्या कामात चूक असेल असं कुणाला वाटतच नाही.

गव्हनला उतरून शेडपर्यंत पाच मिनिटं चालावं लागतं. जेसीसाठी ती दहा झाली. तेवढ्यात मी मनात पळवाट शोधून ठेवली होती. डबा शेडच्या भिंतीला लागून उभा आहे, मध्ये जेमतेम फूटभर जागा, आणि तिथे कुणाला सोडायचं नाही असा शेड सांभाळणाऱ्या आर्चीचा नियम आहे. मी फक्त गप्प बसायचं. आर्ची 'नाही' म्हणेल, जेसी हळहळेल आणि गुरुवारी इन्व्हरनेसला जाईल. नाव तिच्यापुरतं तिथेच राहील.

खरं सांगते, मला ते बरं वाटलं होतं. कुणाला तरी दुखवण्यापेक्षा ते बरंच, असंही मी स्वतःला सांगितलं.

आर्ची आमचा सगळ्यात जुना माणूस, निवृत्त शाळामास्तर, खिशात कायम एक फडकं. त्याने शेडचं दार सरकवलं, आणि एकोणचाळीस नेहमीप्रमाणे दिव्याखाली चमकत उभा. लोकांनी "अरे वा" केलं. दोन कॅमेरेवाली पोरं खाली वाकून चाकांचे फोटो काढू लागली. टकले गृहस्थ सरळ आत जाऊन सीटचा वास घेऊन आले आणि निराश झाले.

जेसीने दाराची सरकती जाळी खडखडवून बघितली. "हीच. अशीच आवाज करायची." मग ती डब्याच्या टोकाशी गेली आणि कोपऱ्यावरून मान पुढे काढून त्या फूटभर फटीत डोकावली.

"इथे तर रंग दिसतोय," ती म्हणाली.

"तीन हात!" आर्ची खुशीत म्हणाला. "वरून वॉर्निश. आरसा नुसता."

"पण ही म्हणाली रंगवायचे नाहीत."

"तेव्हा नाही रंगवायचे."

"मग तुम्ही कशाला रंगवलात?"

आर्चीने खिशातलं फडकं काढून डब्याचा कोपरा पुसला. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारलेल्या माणसाला बहुतेक पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता. "अर्धवट कसं सोडायचं," तो शेवटी म्हणाला. "आणि बाई, तिकडे जाऊ नका, नियम आहे."

हीच ती पळवाट. समोर उघडी होती. जेसी माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसतीच, म्हणजे आता काय करायचं ते मला माहीत असेल अशा विश्वासाने. एफी बघते तशी.

"लोगनबाई," मी म्हणाले, "ती बाजू मी घासली. मी एकोणीस वर्षांची होते. त्यावर बरंच काही लिहिलेलं होतं, नावं होती, एक पिवळ्या रंगात होतं. मी ते सगळं मशीनने काढून टाकलं. आता तिथे काही नाही."

कॅमेरेवाली पोरं उठून उभी राहिली.

"काय नाव होतं?" जेसीने विचारलं.

"आठवत नाही."

"पिवळं?"

"पिवळं नक्की."

"म्हणजे काहीतरी होतं," ती ग्रेटाकडे वळून म्हणाली. "नुसती जीभ नव्हती त्याची."

"काहीतरी म्हणजे मॉयराही असू शकतं," ग्रेटा म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज खाली होता, आणि तिने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला होता.

आर्ची घसा खाकरत पुढे आला. "कर्स्टी, वही."

कामाची वही! आमच्याकडे नियम आहे, आर्चीचाच: डब्यावरून काहीही काढायचं असेल, खिळा असो की डाग, आधी वहीत लिहायचं. मी एकोणीस वर्षांची असताना त्या नियमाला मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. पण लिहायचे, कारण संध्याकाळी तो वही तपासायचा आणि प्रत्येक ओळीपुढे "ठीक" लिहून सही करायचा.

पत्र्याच्या कपाटात वरून तिसरी वही. माझं तेव्हाचं अक्षर, गोल गोल आणि कंटाळलेलं. मी ती उघडली खरी, पण मोठ्याने वाचायचा धीर होईना. आता मॉयरा निघाली तर? पाठ फिरवून मी आधी मनातच वाचायला लागले.

"मोठ्याने वाच," जेसी म्हणाली. "मी साठ वर्षं थांबलेय, पान उलटायला नाही थांबणार."

मी वाचलं. "पहिली खिडकी, खालची फळी. खडू. रेंजर्स दोन, सेल्टिक दोन. घासून काढलं. ठीक."

"बरोबरी तरी होती," टकले गृहस्थ म्हणाले.

"पहिली खिडकी, वरची फळी. पेन्सिल. फोरमनबद्दल, लिहिण्यासारखं नाही. घासून काढलं. ठीक. दुसरी खिडकी, खालची फळी. मॉयरा..."

ग्रेटाने श्वास आत घेतला.

"मॉयरा. खडू. चार ठिकाणी, चार वेगवेगळी अक्षरं."

मग जेसी हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चार!" ती म्हणाली. "ग्रेटा, चार! अख्ख्या गव्हनला माहीत म्हणे. अख्खं गव्हनच होतं की रांगेत!"

"त्यातलं एक टॅमचं असणार," ग्रेटा म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

"असेना. खडूचं. खडू काय, बाहीने पुसला जातो. पुढे वाच पोरी."

पुढची ओळ मी आधीच बघितली होती.

"तिसरी खिडकी, मधली फळी. पिवळा रंग, नंबर रंगवायचा असतो तो. ब्रशने, सावकाश काढलेली अक्षरं. जेसी लोगन. तीन, त्रेसष्ट. घासून काढलं. ठीक."

जेसीचं हसू थांबलं होतं. "परत."

मी परत वाचलं.

"तीन त्रेसष्ट म्हणजे काय?" टकल्या गृहस्थांनी विचारलं.

"मार्च एकोणीसशे त्रेसष्ट. दुसरं काय असणार?" आर्ची म्हणाला.

"मार्चमध्ये मी जेसी बेर्ड होते," ती हळू म्हणाली. "त्याने मला विचारलं सप्टेंबरात. लार्ग्झला समुद्रावर गेलो होतो, हातात आइस्क्रीम होतं."

"काय आगाऊ माणूस!" ग्रेटा ओरडली. "विचारायच्या आधीच आडनाव लावून मोकळा!"

"आणि मी पंधरा दिवस त्याला ताटकळत ठेवला." जेसी माझ्या हातातल्या वहीकडे बघत होती. चष्मा काढून तिने ती ओळ अगदी जवळून बघितली, मग तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. ते टॅमचं अक्षर नव्हतं. एका कंटाळलेल्या पोरीचं बॉलपेन होतं. "सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने मी नदीखालून लोगन होऊन फिरत होते, आणि वर जमिनीवर अजून बेर्डच होते."

"मला माफ करा," मी म्हणाले. "नुसतं राहू दिलं असतं तर आज..."

"हो. वाईट वाटतंय," ती म्हणाली. "नाही कसं म्हणू? त्याच्या हातचं होतं. पण तू लिहून ठेवलंस. मॉयराही लिहिलीस. तेही बरं केलंस."

तेवढ्यात बाहेरून रडणं ऐकू आलं. आपल्या मुलाचं रडणं शंभरात ओळखू येतं असं आई नेहमी म्हणायची आणि मला ते खोटं वाटायचं. माझा ब्लाऊज मनाआधी ओला झाला. मी वही छातीशी धरली, पण ग्रेटाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"जा जा, पाज तिला," ती म्हणाली. "आम्ही काय, म्हाताऱ्या. आमचं दूध केव्हाच नासलंय."

आई एफीला घेऊन आत आली, दोघीही लाल झालेल्या. "पावणेबारापासून सुरू आहे," आई म्हणाली, आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून कुजबुजली, "कुणी गेलं का?"

मी एफीला घेऊन डब्यात चढले. बसले भिंतीकडच्या लांब सीटवर, सगळ्यांपासून दूर. तिसऱ्या खिडकीखाली पाठ टेकून मी तिला घेतलं आणि एकदम शांतता झाली, फक्त तिचं घटाघटा पिणं. बाहेर काय चाललंय ते समोरच्या खिडकीतून दिसत होतं.

आर्ची कपाटाशी उभा होता, वही हातात. प्रत्येक ओळीपुढची स्वतःची सही बघत होता. "ठीक, ठीक, ठीक," तो पुटपुटला. "दोन्ही बाजू रंगवायचा हट्ट माझा होता, लोगनबाई. अर्धवट बघवत नव्हतं मला." मग त्याने वही ठेवली, खालच्या कप्प्यात वाकला, आणि रंगाचा एक छोटा डबा काढला. झाकणावर वाळलेला पिवळा ओघळ होता. "नंबरचा रंग आहे हा. गेल्या वर्षीच आणलाय. मी लिहितो, तुम्ही सांगाल तसं. फक्त हा एकोणचाळीस आज हलवता यायचा नाही, आणि त्या फटीत मी काही मावत नाही."

"कर्स्टी?" आईने विचारलं.

"मी?" मी आतून म्हणाले आणि खाली बघितलं. दीड वर्षापूर्वी कदाचित मावले असते.

ग्रेटाचं नाव कुणी घेतलंच नाही.

"ब्रश आण," जेसी आर्चीला म्हणाली आणि कोटाची बटणं काढायला लागली.

"बाई, नियम..."

"कोणी केलाय?"

"मी."

"मग?"

आर्चीने ब्रश आणला. खिशातलं फडकं काढून तिच्या खांद्यावर टाकलं, रंग सांडला तर म्हणून. कोट ग्रेटाकडे देऊन जेसी अंग तिरकं करून उभी राहिली, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, आणि डब्याच्या कोपऱ्यावरून त्या फटीत सरकली. डब्याच्या ज्या बाजूला जन्मभर फक्त भिंत असायची तिथे.

कॅमेरेवाल्यांतला एकजण काठीला फोन लावून मागे आला. "मी वरून घेऊ का फोटो? तुम्हाला पाठवतो."

"खिशात ठेव तो," फटीतून आवाज आला. "कुणी बघत नव्हतं म्हणून ते इतकी वर्षं तिथे राहिलं."

"जेसी, पडू नकोस," ग्रेटा म्हणाली.

"पडायला जागा कुठेय?"

मग बोलणं थांबलं. एफी एका बाजूचं संपवून दुसऱ्या बाजूला आली. माझी पाठ फळीला होती. त्या फळीतून मला ब्रश ऐकू येत होता. आधी एक लांब ओढ, मग थांबणं, मग एक छोटी. ती मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबायची. मी अक्षरं मोजायला लागले होते, पण मध्येच सोडून दिलं. एफीने पिणं थांबवून डोळे वर केले, तीही ऐकत असावी, मग परत पिऊ लागली.

बऱ्याच वेळाने जेसी बाहेर आली. नाकावर पिवळा ठिपका, पांढऱ्या केसांना भिंतीची धूळ.

"काय लिहिलंस?" ग्रेटाने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"तुझं की त्याचं?"

"चहा आहे का इथे?" जेसीने आर्चीला विचारलं.

चहा होता. आईने येताना बेकरीतून चेरी लावलेली बिस्किटं आणली होती, ती सगळ्यांना अर्धी अर्धी झाली. टकले गृहस्थ टॅमबद्दल विचारत राहिले, आणि जेसी सांगत राहिली: तो पायऱ्यांवर शिट्टी वाजवत चढायचा, आणि रंगाचे हात टर्पेंटाइनने धुऊनही त्याच्या नखांत कायम लाल असायचा. दीड वाजता ग्रेटाने तिला कोट घातला. जाताना जेसीने एफीच्या पायाचा अंगठा धरून हलवला आणि मला म्हणाली, "ही मोठी झाली की हिला त्या बाजूला जाऊ देऊ नकोस."

सगळे गेल्यावर आर्चीने वही माझ्यापुढे सरकवली. काढलेलं लिहायचं असतं तसं नवीन घातलेलंही लिहायचं असतं, तोही नियम आहे. एफी माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मी डाव्या हाताने लिहिलं, आणि ते तितकंच वेडंवाकडं आलंय:

तिसरी खिडकी, मधली फळी. पिवळा रंग, ब्रशने. जे. लोगन यांच्या हातचं. काय लिहिलं आहे ते पाहिलेलं नाही. घासू नये.

आर्चीने चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि पुढे "ठीक" लिहून सही केली.